त्या परकरात पळायचं नाही

कापराची वडी — नखाएवढी, कडेनं झिजून गोल झालेली — परकराच्या घडीतून निसटून वाळूत पडली, आणि त्या लाल वाळूवर ती इतकी पांढरी दिसली की इसक्कीला वाटलं, संपलं, आता सगळ्यांना कळणार. कळलं कुणालाच नाही. शूटिंगच्या तंबूत कपडे सांभाळणारी नित्या अक्का तोंडात पिना धरून तिच्या कमरेशी वाकली होती. "श्वास आत घे, अजून आत... सकाळी इडल्या किती खाल्ल्यास गं?" असं पिनांमधून पुटपुटत होती. इसक्कीनं हळूच पाय सरकवला आणि अंगठ्यानं वडी वाळूत दाबून टाकली. वास मात्र दाबला जाईना. तो कमरेभोवती, मांड्यांभोवती, देवघरातून सोबत चालत आल्यासारखा...

"कुठून आणलास हा? अगदी तोच हळदी रंग! काठसुद्धा हिरवे!"

"घरात होता."

खोटं काय आहे त्यात? परकर ताडाच्या पानांच्या पेटीत होता, पेटी देवाच्या कोनाड्यात होती, आणि कोनाडा घरातच आहे की. पेटी वर्षातून एकदाच उघडायची असते, वडिवू चित्तीच्या पूजेला, आणि ती मामानंच उघडायची असते, हे नित्या अक्काला कशाला सांगायचं? तिला परकर हवा होता. हिरोइनचा एक परकर काल बाभळीच्या काट्यांत टराटरा फाटला, आणि धुऊन वाळत घातलेला जोडीचा शेळीनं निम्मा चघळला. (शेळी आमचीच. पण हे मी अजून कुणालाही बोललेले नाही.) हिरोइनच्या तळपायांना तापल्या वाळूनं फोड आले होते आणि ती थंड गाडीत पाय वर करून बसली होती. मग पळणार कोण? जिची वेणी कमरेपर्यंत येते ती. म्हणजे अख्ख्या गावात, अख्ख्या ताडवनात, कदाचित अख्ख्या तिरुनेल्वेली जिल्ह्यात — इसक्की!

"फक्त पाठ दिसणार," डोक्यावर ओला टॉवेल घेतलेले दिग्दर्शक सर म्हणाले होते. "मागे काहीही होऊ दे, मान वळवायची नाही. मान वळली की शॉट गेला. कळलं?"

कळलं. पाठ तर पाठ. टॉकीजच्या पडद्यावर घराएवढी मोठी पाठ येईल, आणि अकरावीच्या सगळ्या पोरी शिट्ट्या मारतील — ही आपल्या इसक्कीची वेणी! — आणि मुगिलन पुढच्या स्वस्त रांगेतून ओरडेल, नाही, ओरडणार नाही, तो नुसता चष्मा वर सरकवेल. तेवढ्यानंही माझ्या पोटात कबुतरं उडतात.

मुगिलन बारावीत आहे. तो कॉलनीतला. कॉलनी म्हणजे रस्त्याच्या पलीकडची वस्ती, निळ्या टाकीमागची, जिथली माणसं आमच्या विहिरीवर येत नाहीत. येत नाहीत असंच म्हणायचं. येऊ देत नाहीत असं कुणी म्हणत नाही. पिच्चरची गोष्टही तीच : गावातली पोरगी, कॉलनीतला पोरगा, आणि मागे कोयते घेतलेली माणसं. इसक्कीनं काल शाळेच्या सायकलस्टँडमागे त्याला सांगून टाकलं होतं, की उद्या शूटिंग झालं की मामा खुशीत असेल, तेव्हा मी त्याला सांगणार. आपलं. सगळं.

"वेडी आहेस का तू?"

"आमच्याकडे तसं नाही रे. आमचा मामा तसा नाही."

मुगिलननं चष्मा वर सरकवला. "पिच्चरमधली हिरोइनपण हेच म्हणते," तो म्हणाला, "इंटर्व्हलच्या आधी."

ती इतकी हसली होती की सायकली खडखडल्या. कारण मामा तसा नव्हताच! वडील मस्कतला, तेव्हा वडील कोण, तर मामा. कान टोचायला त्याच्या मांडीवर बसले होते मी, आणि सोनारानं तार टोचली तेव्हा रडला कोण, तर मामा. अख्ख्या मांडवासमोर, मिशीवरून नाक पुसत. चौथीत असताना एका पोरानं वेणी ओढली म्हणून ती रडत घरी आली, तेव्हा तो तिच्यासमोर उकिडवा बसला, तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "नाव सांग फक्त. बाकी मामा बघतो." तिनं नाव सांगितलं. तो पोरगा मग आठवडाभर शाळेत आला नाही आणि आला तेव्हा त्याचा हात गळ्यात बांधलेला होता. केवढा अभिमान वाटला होता तिला! तो अभिमान अजूनही कुठेतरी आहे, गुळाच्या खड्यासारखा... हल्ली चघळताना खडे लागतात, एवढंच.

"चल, उभी राहा," नित्या अक्का म्हणाली. "फिर. वा! मागून साक्षात हिरोइन."

"आणि पुढून?"

"पुढून शेळी."

बाहेर ऊन असं होतं की ताडांच्या सावल्यासुद्धा खोडाशी चिकटून बसल्या होत्या. माणसांचा घोळका तयार उभा होता. सगळे आमच्याच गावातले, रोज चहाच्या टपरीवर बसणारे. आज त्यांनी लुंग्या गुडघ्यावर दुमडल्या होत्या आणि प्रत्येकाच्या हातात चंदेरी रंग दिलेला लाकडाचा कोयता होता. गावातल्या मोठ्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की शूटिंगला कॉलनीची माणसं नकोत. सर म्हणाले, बरं. मग पिच्चरमधल्या कॉलनीची माणसं दुसऱ्या गावाहून ट्रकमधून आणली. चहाचे वेगळे पेले ठेवा अशीही मागणी होती, तर सरांनी सगळ्यांनाच कागदी कप दिले, प्रश्नच मिटला! इसक्कीला त्यावर त्यांना काहीतरी झणझणीत विचारायचं होतं. गेल्या महिन्यात वादविवादात पहिली आल्यापासून तिला सगळ्यांनाच काहीतरी विचारायचं असायचं. त्याच दिवशी तिनं मनगटावरचा धागा ब्लेडनं कापून टाकला होता. आमच्या लोकांचा एक रंग, त्यांचा एक रंग. शाळेत नाव विचारायच्या आधी मनगट बघतात. दहावीत असताना ह्याच धाग्यावरून एकानं दुसऱ्याच्या मानेत कंपासचं टोक खुपसलं होतं. बाकावर, भूगोलाच्या वहीवर, नकाशातल्या नद्यांवर रक्त... शिपायानं बादलीभर पाणी ओतलं, आणि पुढचा तास झाला. तो तास कशाचा होता ते मला आठवत नाही. पाण्याचा रंग आठवतो.

"सर," पाल्पांडी अण्णा कोयता उडवत ओरडला, "खरंच मारायचं का नुसतं पळायचं? नाही, सवय आहे, विचारून घेतलेलं बरं!"

घोळका खो खो हसला. सरही हसले. मामा मात्र हातातला लाकडी कोयता उलटसुलट करून बघत होता. "हा काय कोयता? ह्यानं शहाळंसुद्धा फुटायचं नाही." मग शेजारच्या, शूटिंगवाल्यांच्या पोरसवदा नटाची पकड सोडवून त्यानं त्याची बोटं पुन्हा नीट मुठीवर बसवून दिली. "असा धर. मनगट सैल. झाडाला मारायचं असेल तर ताकद लागते. एरवी लागत नाही." तो नट लाजून हसला. मामाच्या मनगटावर धागा होता, नवा करकरीत.

मामानं इसक्कीला त्या परकरात पाहिलं नव्हतं. ती गाडीआडून थेट खुणेवर गेली, ताडाच्या एका बुंध्यापाशी, पाठ करून. सकाळी मात्र घरून निघताना ती म्हणाली होती, "मामा, संध्याकाळी तुम्हाला एक सांगायचंय," आणि तो म्हणाला होता, "आत्ता सांग की." "नाही, संध्याकाळीच." "बघा, माझी आई मला टांगून ठेवते!" असं म्हणून त्यानं तिच्या डोक्यावर टपली मारली होती.

ठरलं होतं असं : तिनं समोरच्या निळ्या टाकीच्या दिशेनं पळायचं. माणसांनी मागून पळायचं, पण अर्ध्या वाटेवर पडलेल्या ताडाच्या ओंडक्याशी थांबायचं. ती पुढे, ते मागे, कॅमेरा बाजूच्या रुळांवर.

"ॲक्शन!"

आणि ती पळाली. काय पळाली! वाळू भाजत होती, परकर पायांभोवती फडफडत होता, वेणी पाठीवर चाबकासारखी डाव्या-उजव्या बाजूला, आणि तोंडात हसू मावेना. घाबरायचं होतं खरं, पण तोंड कुठे दिसणार होतं कुणाला? मागून "धरा तिला!" हा पाल्पांडी अण्णाचा डायलॉग, त्याच्या जन्मातला पहिलाच, थोडा चिरकलेला... आणि मग, पळताना, रेशमाची ती सळसळ ऐकताना, तिला अम्मा आठवली. दरवर्षी पूजेला नवा परकर पेटीत जायचा आणि जुना बाहेर यायचा, आणि तो इसक्कीनं घालायचा, कारण घरातली मुलगी तीच. अम्मा नाडी बांधायची, तिच्याकडे न बघता, आणि म्हणायची, "त्या परकरात पळायचं नाही." खेळायचं, बसायचं, झोपायचंसुद्धा, फक्त पळायचं नाही. रेशीम फाटेल म्हणून असेल. नाहीतर देवाचं म्हणून असेल. वडिवू चित्ती देव होती. अम्माची आणि मामाची धाकटी बहीण, लग्नाआधी गेलेली. लग्नाआधी गेलेली मुलगी घराची देवी होते आणि तिला दरवर्षी परकर द्यावा लागतो, नाहीतर ती घर सुखी ठेवत नाही. कशानं गेली? पोटदुखीनं. अम्मा हे तांदूळ निवडताना सांगायची आणि तांदळातून मान वर काढायची नाही. परकर मामाच आणायचा, तालुक्याच्या दुकानातून, उपास धरून, डोक्यावर ठेवून, चालत. आणि दर वेळी हाच रंग. एकदा इसक्की म्हणाली होती, मामा, ह्या खेपेला जांभळा आणा ना, मला नंतर घालता येईल. तेव्हा त्यानं तिच्याकडे असं पाहिलं होतं, जणू ती भिंतीतून बोलली. "तिला हाच लागतो," तो म्हणाला होता.

मागची पावलं ओंडक्याशी थांबली. थांबली... सगळी नाही. एक जोडी येतच राहिली. वाळूत ती धप्प धप्प वाजत नव्हती, ओरबाडल्यासारखी वाजत होती.

"कट! कट, कट!"

"वडिवू!"

हे डायलॉगमध्ये नव्हतं. इसक्कीचे पाय थांबायला हवे होते, ते जास्तच जोरात पळायला लागले. पाय तिला विचारत नव्हते.

"वडिवू, थांब! थांब गं... वळू नकोस! वळू नकोस, तोंड दाखवू नकोस मला, तुझ्या पाया पडतो वडिवू, वळू नकोस—"

वेणी मुळापासून खेचली गेली. डोकं मागे, आभाळ, पांढरं आभाळ, एक ताड उलटा, आणि मग मानेवर, जिथे वेणी सुरू होते तिथे, खट्. लाकूड मोडल्याचा आवाज तिला आधी ऐकू आला आणि दुखणं नंतर आलं. पुन्हा, उरलेल्या मुठीनं, खांद्यावर. पुन्हा. ती तोंडावर पडली. तोंडात वाळू, नाकात वाळू, दातांखाली वाळू, पाठीवर एका माणसाचं अख्खं वजन, आणि त्या माणसाचा घामाचा, विडीचा, खोबरेल तेलाचा वास तिच्या ओळखीचा होता; त्या वासाच्या खांद्यावर बसून तिनं जत्रा पाहिल्या होत्या. तो रडत होता. मारत होता आणि रडत होता, दोन्ही एकाच लयीत, धान्य कांडावं तसं. मी वळले नाही. हे मला लिहून ठेवलंच पाहिजे, की मी वळले नाही, सर म्हणाले होते म्हणून नाही, मला वळताच येत नव्हतं.

"सुडलै! अरे सुडलै, पिच्चर आहे! पिच्चर आहे रे हा!" पाल्पांडी अण्णा त्याला काखेत धरून ओढत होता.

वजन उठलं. कुणीतरी तिला उताणी केली, आणि मामानं तिचं तोंड पाहिलं.

"तू होय," तो म्हणाला. "तू होय गं."

त्याच्या चेहऱ्यावर एवढी सुटका होती की तिला ओकारी आली.

आणि मग टाळ्या. रुळांवरून उतरून सर टाळ्या वाजवत येत होते, टॉवेल खांद्यावर पडलेला. "कसलं दिलंत हो! कसलं दिलंत! आधी कुठे काम केलंय का तुम्ही?"

"शेतात, सर," मामा म्हणाला. हात मोडक्या मुठीवर तसाच होता. "शेतात केलंय."

तंबूत नित्या अक्कानं तिची मान बघितली, "रक्त नाही, नुसती सूज आहे," म्हणाली, बर्फ लावला, आणि फोन आला म्हणून बाहेर गेली. इसक्की परकराचे काठ मुठीत धरून बसली. डोक्यात एक यंत्र सुरू झालं होतं आणि ते बंद करायचं बटण तिला सापडत नव्हतं. हाच रंग. तिला हाच लागतो. तिला लागतो म्हणून नाही, तो तिच्या अंगावर होता. तो रंग पुढे पळत होता आणि मामा मागे पळत होता, ह्याच वाळूत, कदाचित ह्याच टाकीकडे. कारण टाकीकडेच पळणार ना ती, तिचा जो कुणी होता तो टाकीपलीकडेच असणार... आणि त्या वर्षी कोयता लाकडाचा नव्हता. मनगट सैल. एरवी ताकद लागत नाही. वेणी हातात आली असेल, कदाचित नुसती वेणीच. आणि लाल वाळूत लाल काय दिसतं? काहीच दिसत नाही, वाळू सगळं पिऊन टाकते, वर एक काळा डाग राहतो, दुपारपर्यंत तोही नाही. मग कुणीतरी परकर धुतला असेल. अम्मानं? अम्मा, तू धुतलास का? आणि मग पेटी, कापूर, उपास, आणि दरवर्षी नाडी बांधताना, त्या परकरात पळायचं नाही... अम्माला माहीत होतं. चौदा घरांच्या आमच्या गल्लीत माझ्याशिवाय सगळ्यांना माहीत होतं. पाल्पांडी अण्णाला तर कुणाला कसं धरून ओढायचं हेसुद्धा माहीत होतं.

आणि मी मुगिलनला म्हणाले होते, आमच्याकडे तसं नाही. सायकली खडखडल्या होत्या.

तंबूचा पडदा हलला. मामा आत आला, हातात गुलाबपाण्याच्या सोड्याची बाटली, थंड, घाम सुटलेली. तो तिच्यासमोर उकिडवा बसला. चौथीत असताना बसला होता तसा.

"फार लागलं का गं?"

"नाही."

"ऊन लागलं मला. डोकं फिरलं. म्हातारा झालो." तो हसला. "पी."

"मामा, कुणाला हाक मारलीत?"

"पिच्चरमधल्या पोरीला."

"पिच्चरमधल्या पोरीचं नाव कयल आहे."

बाहेर कुणीतरी हातोडीनं रूळ ठोकत होतं. मामानं परकराच्या काठाला बोट लावलं आणि चटका बसल्यासारखं काढून घेतलं. "पेटी तू उघडलीस," तो म्हणाला. रागावला नव्हता. अगदी मऊ. "घरी गेल्यावर धुऊन घडी करून ठेव. अम्माला सांगू नको, ती उगीच मनाला लावून घेईल." आणि मग तिचे दोन्ही हात त्यानं हातात घेतले. "सकाळी काय सांगायचं होतं तुला? संध्याकाळ कशाला, आत्ता सांग."

ते हात तेच होते. मोठे, मऊसर, उजव्या तळव्यात लाकडाचं एक कुसळ रुतलेलं. एवढं सोपं होतं ते. तोंड उघडायचं, चार अक्षरं. तिच्या जिभेवर ती चार अक्षरं सकाळपासून साखरेसारखी विरघळत होती आणि आता ती मानेवर ठणक्या-ठणक्यानं मोजली जात होती.

"शाळेतलं आहे का काही?" मामानं विचारलं. "कुणी त्रास देतं? नाव सांग फक्त. बाकी मामा बघतो."

"काही नाही," इसक्की म्हणाली. "पोटात दुखतंय."

तिला खरंच दुखत होतं. ती ते मुद्दाम म्हणाली नव्हती, शपथ. पण शब्द तोंडातून पडला आणि दोघांच्या मध्ये वाळूत जाऊन बसला, पांढरा, कापरासारखा. मामाचे हात हातातून गेले. तो तिच्याकडे बघत होता आणि तिला पहिल्यांदाच दिसलं, की मामा तिला घाबरतो. तिला, की परकराला, कळायला मार्ग नव्हता.

"इसक्की! सुडलैमुत्तू अण्णा!" बाहेरून सरांचा आवाज. "फोकस किंचित गेला हो. एकदाच अजून. तेच फीलिंग, फक्त ह्या वेळी ओंडक्याशी थांबायचं बरं का!" घोळक्यात हशा.

नाही म्हणता आलं असतं. नित्या अक्का म्हणालीसुद्धा, पोरीला लागलंय सर, राहू दे. पण इसक्की उठली. का उठली ते तिला माहीत नाही. सोड्याची बाटली न फोडता तिथेच ठेवली, आणि चालत खुणेवर गेली, आणि पाठ करून उभी राहिली.

समोर निळी टाकी. टाकीच्या शिडीवर कुणीतरी दोरी टाकली होती आणि दोरीवर शाळेचे दोन पांढरे शर्ट वाळत होते. कुणाचे, काय माहीत. पायाखालची वाळू मघापेक्षा जास्त भाजत होती. मागे नवे कोयते वाटले जात होते, लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज.

"मान वळवायची नाही," सर म्हणाले.

वळू नकोस. दोघांनाही तेच हवं होतं. चित्ती वळली होती का? वळली असेल आणि त्यानं तोंड पाहूनही... की नाहीच वळली, शेवटपर्यंत, त्याची अडचण होऊ नये म्हणून, धाकट्या बहिणी ऐकतात तशी ऐकली? कोनाड्यातल्या देवीला तोंड नाही. फोटो नाही, मूर्ती नाही. नुसती पेटी, नुसती घडी. हे मला आजपर्यंत खटकलं कसं नाही!

मानेत, जिथे लाकूड बसलं होतं तिथे, एक शीर टकटक उडत होती. भीती होती, नव्हती असं म्हटलं तर ते खोटं होईल. पण मघाशी ती पाठभर पसरली होती आणि आता ती सरकत, खांद्यांवरून, कानांमागून, पुढे येत होती. गालांत, कपाळात, ओठांत, डोळ्यांच्या मागे गच्च भरत होती, आणि जिथे जिथे ती पोचत होती तिथे तिथे मला कळत होतं, की हे माझं नाक, हे माझे ओठ, हा अख्खा चेहरा माझा आहे आणि तो आज कुणीही मागितलेला नाही.

मागे, अगदी जवळ, मामा खाकरला. वारा नव्हता, तरी परकर हलला.

सरांनी हात वर केला. 'ॲक्शन' म्हणायला अजून तोंड उघडलेलं नाही.